मुलीला डोळ्यांची यंत्रं बनवायची आहेत

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. चार एकर जमीन, कापूस आणि दादर ज्वारी. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. फिजिक्स तिला फार आवडतं. गेल्या वर्षी माझ्या आईला काचबिंदू निघाला. एका डोळ्याची नजर गेली तेव्हा कळलं. तेव्हापासून मुलीनं एकच ध्यास घेतलाय, डोळ्यांचा आजार वेळेत ओळखणारं यंत्र करायचं. यात्रेतून आणलेलं भिंग मोबाइलच्या टॉर्चपुढे धरून आजीच्या डोळ्यात बघत बसते. ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची नाही म्हणते. पुण्याचे मामा म्हणतात कॉम्प्युटर घे. आम्हाला वाटतं डॉक्टर व्हावं. डॉक्टर न होता असं काम करता येतं का? आणि त्यात पोट भरतं का?

उत्तर : भाऊ, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या आईबद्दल. त्यांचे थेंब एक दिवसही चुकू देऊ नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. ‘थेंबांनी काही फरक पडत नाही’ म्हणून ते बंद करणारी माणसं मी आपल्याकडे खूप पाहिली आहेत. नजर आहे तिथे थांबली, तर थेंबांनी आपलं काम केलं असं समजा.

आता लेकीबद्दल. डॉक्टर न होता हे काम नक्की करता येतं. पण डॉक्टरच्या आणि पेशंटच्या शेजारी बसल्याशिवाय ते जमत नाही. कोर्स कोणताही घेतला तरी ही गोष्ट सुटायला नको, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती आजीच्या डोळ्यात भिंग धरते तेव्हा तिला काय दिसत असेल, याचा मला अंदाज आहे. बाहुलीत लालसर चमक, क्षणभर. हात जरा हलला की पुन्हा काळोख. हीच अडचण १८५० साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या प्राध्यापकापुढे होती. डोळ्यात गेलेला उजेड आला त्याच वाटेनं परत फिरतो. आत बघायचं तर आपला डोळा त्या वाटेवर हवा, आणि तिथे डोकं नेलं की दिव्याचा उजेडच अडतो. त्यांनी काचेच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तिरप्या धरल्या. दिव्याचा थोडा उजेड काचांवरून वळून रुग्णाच्या डोळ्यात जायचा, आणि परत येणारा उजेड त्याच काचांमधून पार होऊन बघणाऱ्याच्या डोळ्यात पोचायचा. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा असा स्पष्ट दिसू लागला. ही बातमी त्यांनी वडिलांना पत्रातून कळवली, आणि शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडे यासाठी काही लागलं नाही, असंही लिहिलं. पुढच्या वर्षी, १८५१ मध्ये, त्यांनी या ऑफ्थॅल्मोस्कोपची माहिती प्रसिद्ध केली. तुमच्या मुलीचं अकरावीचं ऑप्टिक्सचं पुस्तक अजून घरात असेल. त्यातल्या आकृत्या पुन्हा काढून बघायला सांगा.

याच यंत्राची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. इंग्लंडमधले गणितज्ञ चार्ल्स बॅबेज, ज्यांचं नाव कॉम्प्युटरच्या धड्यात येतं, त्यांनी १८४७ मध्येच डोळ्यात बघायचं असं यंत्र केलं होतं. ते त्यांनी डोळ्यांचे डॉक्टर व्हार्टन जोन्स यांना दाखवलं. जोन्स यांना त्यातून नीट काही दिसलं नाही, आणि यंत्र तिथेच पडून राहिलं. चार वर्षांनी श्रेय दुसरीकडे गेलं. बॅबेज यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांची कल्पनाही फारशी चुकलेली नव्हती. रोज रुग्ण तपासणाऱ्या माणसाबरोबर बसून ‘दिसत नाही तर का दिसत नाही’ हे शोधायचं काम मात्र राहून गेलं. तुमच्या मुलीनं हा किस्सा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आता अलीकडचं. तुमच्या आईची तपासणी करताना हनुवटी टेकवून, न हलता समोरच्या खुणेकडे बघायला सांगितलं असेल, आणि मग रंगीत आलेखाचा कागद मिळाला असेल. ते यंत्र बहुधा ओसीटी. साध्या फोटोत पडदा वरून दिसतो, खोली कळत नाही. ओसीटी पडद्याचे पापुद्रे वेगवेगळे दाखवतं आणि त्यांची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतं. काचबिंदूत डोळ्याच्या नसेचे तंतू झिजतात. ही झीज पेशंटला जाणवायच्या आधी या यंत्रात दिसू शकते. कारण बाजूची नजर आधी जाते आणि समोरचं बराच काळ ठीक दिसत राहतं, म्हणून माणूस गाफील राहतो. तुमच्या आईचं तसंच झालं असावं. त्यात तुमची चूक नाही.

या यंत्राचं मूळ बारावीच्या वेव्ह ऑप्टिक्समधल्या इंटरफिअरन्समध्ये, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्यात, आहे. वेगवेगळ्या पापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळेतला फरक इतका सूक्ष्म असतो की कुठल्याही घड्याळानं मोजता येत नाही. म्हणून परतलेला प्रकाश दुसऱ्या एका किरणाशी मिसळून फरक काढतात. १९९१ मध्ये हे तंत्र जगापुढे आलं. ते करणाऱ्यांमध्ये जेम्स फुजिमोटो हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, एरिक स्वॉन्सन उपग्रहांमधल्या प्रकाशसंदेशांवर काम करणारे इंजिनिअर होते, आणि डेव्हिड हुआंग तेव्हा मेडिकल आणि इंजिनिअरिंग एकत्र शिकणारा विद्यार्थी होता. २०२३ मध्ये या तिघांना वैद्यकशास्त्रातला मोठा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. डॉक्टर न होता करता येतं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

उलटं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर मी एकाच बाजूनं बोलल्यासारखं होईल. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवतात ती कृत्रिम लेन्स डॉक्टरनंच आणली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, तुकडे घुसायचे. हॅरल्ड रिडली यांना दिसलं की डोळा ते तुकडे सहन करतो. त्या आधारावर १९४९ मध्ये लंडनला त्यांनी पहिली लेन्स बसवली. तेव्हा मेडिकलची वाट वाईट मुळीच नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि एमएसची तीन, एवढा धीर मात्र हवा. मुलीची फिजिक्सची ओढ बघता माझं मत असं: बायोलॉजी सोडू नका, नीटचा फॉर्म भरा, एकदा परीक्षा देऊ द्या. पण तिच्या मनाविरुद्ध रिपीट करायला लावू नका. दोन-दोन वर्षं घरी बसून भौतिकशास्त्राची गोडीही घालवून बसलेली मुलं माझ्यासमोर येऊन रडली आहेत.

तिच्यासाठी पहिली पसंती म्हणून मी इंजिनिअरिंगच सुचवेन, आणि त्यातही इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स. सेन्सर, भिंगं, सर्किट, मोजमाप हे सगळं तिथे हाताखालून जातं. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन आहे, घराजवळ आहे. त्यासाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, मनापासून द्यावी. खर्चाची काळजी तुम्ही पत्रात उघड लिहिली नाहीत, पण ती असणारच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये रांगा लागतात.

बीईनंतर ‘गेट’ ही पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा देऊन बायोमेडिकलकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या इंजिनिअरिंगकडे, वळता येतं. आयआयटी मुंबईत बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे. तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था तर याच कामासाठी ओळखली जाते, हृदयाची भारतीय बनावटीची झडप तिथेच तयार झाली. बारावीनंतर थेट बायोमेडिकल हवं असेल तर राउरकेला आणि रायपूरच्या एनआयटीत बीटेक आहे, त्याला जेईई लागते.

आणखी एक वाट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, ती ऑप्टोमेट्रीची. चार वर्षांची पदवी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. नुसता चष्म्याचा नंबर काढणारा म्हणून ऑप्टोमेट्रिस्टकडे बघू नका. स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचा दिव्याचा मायक्रोस्कोप), डोळ्याचा दाब मोजायचं, पडद्याचे फोटो काढायचं, ही सगळी यंत्रं दिवसभर त्याच्याच हातात असतात, आणि यंत्र कुठे अडतं हे त्याला सगळ्यात आधी कळतं. पुण्यात, हैदराबादला, चेन्नईला चांगल्या संस्था आहेत. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्या.

मामांचा सल्लाही सर्वस्वी चुकीचा नाही. मधुमेहानं पडद्यावर झालेले बदल फोटोवरून ओळखणारी सॉफ्टवेअर आली आहेत आणि ते काम वाढणार आहे. पण फोटो धड आला तर पुढे कॉम्प्युटर काही सांगेल. फोटो का येत नाही, ते एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या शिबिरात मी जवळून पाहिलं. एक म्हातारी खुर्चीत बसली होती. तंत्रज्ञ मुलगा तिला म्हणत होता, “हिरव्या लाइटकडे बघा.” ती पावरी बोलणारी. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती, कारण बोलणाऱ्याकडे बघायचं हीच रीत. चार वेळा फ्लॅश पडला, चारही फोटो वाया गेले, म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग तिच्या नातीनं मागून हात पुढे करून त्या ठिपक्याच्या दिशेनं बोट धरलं, दोन शब्द बोलली, आणि पाचवा फोटो स्वच्छ आला. मुलीनं पुढे कधी यंत्र केलं तर त्यात पावरी, भिली, अहिराणीत सूचना देणारा आवाज असावा, असं त्या दिवशी फार वाटून गेलं. “डोयासमोर धुई येस” (डोळ्यांसमोर धुकं येतं) असं आजी अहिराणीत सांगते, ते तुमच्या मुलीला समजावून सांगायला कुणी लागत नाही. हे भांडवल तिनं कमी लेखू नये.

दुसरं दृश्य एका ग्रामीण रुग्णालयातलं. स्लिट लॅम्प खोळीखाली झाकलेला, खोळीवर बोटभर धूळ. बिघाड काय, तर बल्ब गेलेला आणि आयपीस सैल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, व्होल्टेज वरखाली होतं, आणि यंत्र दुरुस्त करणारा माणूस मुंबईहून यायचा. इथे तुमच्या पोट भरण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. रुग्णालयांची यंत्रं बसवणं, सांभाळणं, दुरुस्त करणं, कंपनीत त्यांची गुणवत्ता तपासणं, यासाठी माणसं लागतात आणि पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. शोध लावून पहिल्या वर्षीच पैसे मिळत नाहीत, तेव्हा आधी नोकरी करावी, यंत्रांचे खिळे-स्क्रू ओळखीचे करावेत. पुढे स्वतःची कल्पना पक्की झाली की केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेचं ‘बिग’ नावाचं अनुदान आहे, पन्नास लाखांपर्यंत. ते स्पर्धेतून मिळतं, पण मिळतं.

स्वस्त करणं हाही शोधच आहे, हे तिला सांगा. डॉ. जी. व्यंकटस्वामींनी १९७६ मध्ये मदुराईला ११ खाटांवर अरविंद रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदूच्या लेन्स बाहेरून यायच्या, गरिबाला परवडायच्या नाहीत. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स इथेच, परदेशी किमतीच्या छोट्या हिश्श्यात बनवायला घेतल्या. ते काम उभं राहिलं ते इंजिनिअर आणि कारागिरांच्या जोरावरही.

आता मुलीच्या प्रयोगाबद्दल थोडं कडक बोलतो. भिंग आणि टॉर्च चालेल, पण मिनिट-मिनिट उजेड आजीच्या डोळ्यावर धरून ठेवायचा नाही. लेझरचा लाल दिवा चुकूनही नाही. आणि बाहुली मोठी करायचे थेंब मेडिकलमधून आणून घालायचे नाहीत. काही प्रकारच्या काचबिंदूत त्यानं दाब एकदम चढतो आणि असलेली नजर जाऊ शकते. प्रयोगाची एक वही ठेवावी, तारीख टाकून, आकृतीसह. खरंच काही नवं जमलं तर त्याचा व्हिडिओ आधी टाकू नये. एकदा जगजाहीर झालं की पेटंटला अडचण येते. आपल्या कायद्यात रोग ओळखण्याच्या पद्धतीला पेटंट नाही, उपकरणाला आहे. प्राथमिक अर्ज करून ठेवला की पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात.

शेवटचं तुमच्यासाठी. आईला काचबिंदू आहे म्हणजे मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. बारावीतली मुलगी आहे म्हणजे तुमचंही वय चाळिशीच्या घरात असणार. कापूस वेचणीला लागायच्या आधी एक दिवस काढा आणि डोळ्याचा दाब आणि नस, दोन्ही तपासून घ्या. मुलीला सोबत न्या. तुमची तपासणी झाली की डॉक्टरांना विनंती करा, की हिला पाच मिनिटं स्लिट लॅम्पमधून बघू द्या. तुमचाच डोळा तिला तिथे बघू द्या. काय दिसलं ते तिनं वहीत काढावं, आणि त्या पानाचा फोटो मला पाठवावा.