स्वतः बनवलेल्या आरव्ही३२आय कोरवर जीसीसी कसा आणायचा? नवा बॅकएंड लिहावा लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला शेवटच्या वर्षाला आहात, ग्रुपने एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) आरव्ही३२आय, म्हणजे रिस्क-व्हीच्या मूळ ३२ बिटी इन्स्ट्रक्शन चालवणारा, कोर उभा केलाय, त्यात स्वतःच्या दोन इन्स्ट्रक्शन घातल्यात. एलईडी लुकलुकतो. पण प्रिंटएफ पूर्णांक बरोबर छापतो आणि अपूर्णांक भलतेच, आणि ओ-२ (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन) लावलं की प्रोग्रॅम लटकतो. म्हणून आता जीसीसी या सी कंपायलरचा बॅकएंडच, म्हणजे प्रोसेसरसाठी कोड काढणारा भागच, लिहावा का, असं विचारताय.

नका लिहू. रिस्क-व्हीचा बॅकएंड २०१७ पासून, म्हणजे जीसीसी ७ पासून, मूळ सोर्समध्येच आहे. तुमच्या दोन इन्स्ट्रक्शनसाठी असेंब्लरलाही हात लावायची गरज नाही. कस्टम-० आणि कस्टम-१ हे ओपकोड अशाच कामासाठी मोकळे ठेवलेत, इन्स्ट्रक्शनचे बिट थेट लिहू देणारं ‘.इन्सन’ डिरेक्टिव्ह इनलाइन असेंब्लीत (सी कोडमध्येच लिहिलेल्या असेंब्लीत) घालून छोटं फंक्शन करा, झालं. जीसीसीच्या मशीन डिस्क्रिप्शनमध्ये पॅटर्न टाकायचा तो कंपायलरने स्वतःहून ती इन्स्ट्रक्शन निवडावी असं वाटेल तेव्हा. व्हायव्हाला एवढं लागत नाही.

अपूर्णांकांचा घोळ बहुतेक मेनच्या आधी चालणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये आहे. आयएलपी३२ एबीआयनुसार (फंक्शनांनी स्टॅक आणि रजिस्टर कसे वापरायचे याच्या नियमांनुसार) स्टॅक पॉइंटर, म्हणजे एसपी, १६ बाइटच्या पटीत लागतो. डबल ८ बाइटचा, त्यामुळे प्रिंटएफ तो उचलताना पत्ता ८ च्या पटीत वर सरकवतो. तुमचा एसपी नुसता ४ च्या पटीत असेल तर शेजारचाच शब्द उचलला जातो. इंट ४ बाइटचा, म्हणून तो बचावतो. मेमरीत काय कुठे बसतं ते सांगणाऱ्या लिंकर स्क्रिप्टमधला स्टॅकचा वरचा पत्ता बघा.

स्टार्टअप फाइलमध्येच जीपीही (ग्लोबल पॉइंटर, ज्याच्या आधाराने ग्लोबल व्हेरिएबल सापडतात तो रजिस्टर) तपासा. जीपी भरणाऱ्या ओळीभोवती ‘नोरिलॅक्स’ ऑप्शन नसेल, तर लिंकर हुशारी करून तो पत्ता जीपीच्याच आधाराने काढतो. म्हणजे जीपीत जीपीच भरला जातो, आणि ग्लोबल व्हेरिएबल वाऱ्यावर.

ओ-२ ला लटकण्याबद्दल: आधी यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) स्टेटस रजिस्टर व्होलाटाइल आहे का पाहा. नसेल तर कंपायलर तो लूपच्या बाहेर एकदाच वाचतो आणि आत कायमचा फिरत बसतो. मग एमटीव्हेकमध्ये (ट्रॅप आला की कुठे जायचं तो पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) साधा ट्रॅप हँडलर बसवून एमकॉज (ट्रॅपचं कारण) आणि एमईपीसी (तो जिथे आला तो पत्ता) छापा. एमकॉज २ आला तर ती बेकायदा इन्स्ट्रक्शन. तयार टूलचेनमधली (कंपायलर, असेंब्लर, लिंकर यांच्या संचातली) लिबजीसीसी ही मदतनीस लायब्ररी गुणाकाराच्या किंवा १६ बिटी कॉम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शन घेऊन आली असेल, आणि नुसत्या आरव्ही३२आय कोरला त्या कळतच नाहीत. बायनरी असेंब्लीत उलगडून दाखवणाऱ्या ऑब्जडम्पमध्ये लगेच दिसतील.

हे सगळं ठीक असेल तर संशय तुमच्या व्हेरिलॉगवर, म्हणजे कोरच्या हार्डवेअर कोडवर. ही गोष्ट पोरांना पटत नाही. ओ-० मध्ये (ऑप्टिमायझेशन बंद असताना) प्रत्येक व्हॅल्यू स्टॅकवर जाते आणि परत येते, त्यामुळे कोडची ठेवण ठरावीक राहते. ओ-२ मध्ये एका इन्स्ट्रक्शनचा निकाल लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनला लागतो, लोडच्या पाठोपाठ ब्रँच येते, आणि पाइपलाइनमधलं फॉरवर्डिंग (निकाल रजिस्टरमध्ये लिहिला जायच्या आधीच पुढे देणं) एखाद्या जोडीला चुकत असेल तर ते इथे उघडं पडतं. कंपायलरने काही वाकडं केलेलं नसतं.

कोण चुकतंय हे अंदाजाने ठरत नाही. बांधावरून दोन भावांत वाद असला की आपल्याकडे मोजणी बोलावतात; इथे मोजणीदार म्हणजे स्पाइक, रिस्क-व्हीचा सिम्युलेटर. तीच ईएलएफ (कंपाइल झालेली) फाइल स्पाइकवर कमिट लॉग, म्हणजे पूर्ण झालेल्या प्रत्येक इन्स्ट्रक्शनची नोंद, चालू ठेवून पळवा, आणि व्हेरिलेटरमध्ये (व्हेरिलॉगच्या सिम्युलेटरमध्ये) तुमच्या कोरकडून दर इन्स्ट्रक्शनला पीसी (तिचा पत्ता), कोणता रजिस्टर लिहिला आणि काय लिहिलं, हे त्याच साच्यात काढा. दोन्ही फाइल्सचा डिफ घ्या. पहिली वेगळी ओळ हाच तुमचा बग; त्यापुढचं सगळं त्याचं लेकरू. स्पाइकची मेमरी हेक्स ८००००००० पासून सुरू होते, तेव्हा लिंकर स्क्रिप्ट तशी करा आणि सुरुवातीच्या बूटरॉमच्या ओळी सोडा. यूआर्ट आणि सायकल काउंटर वापरणारा प्रोग्रॅम या तुलनेला चालत नाही. नुसतं गणित आणि ॲरे ठेवा. तुमच्या दोन इन्स्ट्रक्शन स्पाइकलाही शिकवाव्या लागतील.

दोन्ही लॉग जुळले, तरी उत्तर चुकीचं असेल, तर हार्डवेअर सुटलं. मग अर्ध्या फाइल्स ओ-० ने, अर्ध्या ओ-२ ने कंपाइल करून जोडा, आणि निम्मे-निम्मे करत दोषी फाइलपर्यंत या. तिथे बहुधा इनलाइन असेंब्लीत मेमरी क्लॉबर (‘हा कोड मेमरी बदलतो’ ही कंपायलरला द्यायची सूचना) लिहायचा राहून गेलेला सापडतो.

टूलचेन स्वतः बिल्ड करणार असाल तर क्रम असा: बायनयुटिल्स (असेंब्लर आणि लिंकर), मग लायब्ररीशिवाय जीसीसी, मग न्यूलिब (सीची लायब्ररी), मग पूर्ण जीसीसी. आर्किटेक्चर ठरवणाऱ्या ‘मार्च’ ऑप्शनला आरव्ही३२आय द्या आणि मल्टिलिब (प्रत्येक प्रकारच्या कोरसाठी वेगळी लायब्ररी बनवणं) बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉप दिवसभर तापेल. मधेच लाइट गेली तर मेक पुन्हा दिल्यावर राहिल्यापासून पुढे चालतं, क्लीन करू नका. फक्त शून्य बाइटच्या ‘.ओ’ फाइल्स उरल्या असतील तर त्या आधी शोधून उडवा.