मशीनमध्ये पाणी भरायची घाई नको
भाऊ, इनक्युबेटरमधून (अंडी उबवायच्या मशीनमधून) कोंबडीची पिल्लं नीट का निघाली नाहीत विचारतोस, तर तू पहिल्या दिवसापासून पाण्याचे ट्रे काठोकाठ भरून ठेवलेस ना, तिथेच गडबड झाली. पहिले 18 दिवस 45-50 टक्के ह्युमिडिटी (हवेतला दमटपणा) भरपूर झाली, कारण अंड्यातलं पाणी थोडं उडायलाच हवं, वजन 12-13 टक्के उतरतं तेव्हा कुठे बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. मी कोकणातला, पावसाळ्यात ट्रे जवळपास कोरडेच ठेवतो, हवाच एवढी दमट असते. एकदा ऐन जुलैत हौसेने दोन्ही भरले तर पूर्ण वाढलेली पिल्लं अंड्यातच मेली, फोडून बघितलं तर सगळी चिकट ओली, लय वाईट वाटलं. तेव्हापासून 7व्या, 14व्या दिवशी टॉर्च लावून कवचावर पोकळीची रेघ पेन्सिलने मारतो, स्वस्तातल्या मीटरपेक्षा ती खरं सांगते. 18व्या दिवशी अंडी फिरवणं बंद आणि ह्युमिडिटी 65-70 टक्क्यांपर्यंत न्यायची. ट्रे खोल नको, पसरट असू दे, दमटपणा कमी पडला तर ओला स्पंज ठेव. आणि कवचाला चीर दिसली की सारखं झाकण उघडू नको रे बाबा, वाफ गेली की आतला पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. बाहेर यायला कधीकधी 24 तासपण लागतात.