पांढरे पडले म्हणजे मेले असे नव्हे

मालवण आणि लक्षद्वीप येथील प्रवाळांवर मी काम करते, राहते मात्र पुण्यात. त्या कामाविषयी वाचकांनी विचारलेल्या चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना आम्हाला पांढरेशुभ्र प्रवाळ दिसले. ते मेलेले होते का? (एक वाचक, कोथरूड)

बहुधा नसावेत. प्रवाळ ही चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते आणि त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाले राहतात. ही शैवाले प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले बरेचसे अन्न यजमानाला देतात; काही प्रवाळांची ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज त्यातूनच भागते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की शैवालांच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात आणि प्रवाळ या पोटभाडेकरूंना बाहेर काढतो. मागे उरतो तो काचेसारखा पारदर्शक प्राणी, आणि त्यातून दिसतो खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा. प्राणी उपाशी असतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाले पुन्हा वाढतात आणि रंग परततो.

ओळखायचे असल्यास हात न लावता जवळून पाहावे. सांगाड्याच्या खळग्यांवर ओलसर, पातळ पापुद्रा दिसला तर प्रवाळ जिवंत आहे. खळग्यांच्या कडा उघड्या पडून त्यांवर तपकिरी-हिरवी लव धरू लागली असेल तर तो गेला. मालवणला मी पाहिलेला एक घुमटाकार प्रवाळ माथ्यावर पांढरा होता, तर सावलीतल्या बाजूला चांगला तपकिरी. उष्णतेच्या जोडीला प्रखर ऊनही असले की ताण कसा वाढतो, हे त्या एका दगडावर वाचता येत होते. पुणेकर शाळांच्या सुट्टीत कोकणात उतरतात ते एप्रिल-मे महिने अरबी समुद्राच्या या भागात पाणी सर्वाधिक तापण्याचेच असतात, त्यामुळे आपल्याला दिसले ते प्रवाळांचे वर्षातले सर्वांत अवघड दिवस होते.

प्रश्न : पुण्यात समुद्र नाही, मग येथे बसून आपण नेमके काय संशोधन करता? (एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

पाण्याखालचा एक तास टेबलावरचे कित्येक दिवस खातो, हे या विषयातले न सांगितले जाणारे सत्य आहे. आम्ही तळावर मोजपट्टी पसरतो, ठरावीक अंतरावर चौकट ठेवून छायाचित्रे घेतो आणि खडकाला तापमान नोंदवणारे छोटे यंत्र बांधून येतो. पुण्यात परतल्यावर प्रत्येक छायाचित्रावर संगणक यादृच्छिक ठिपके टाकतो आणि ठिपक्याखाली जिवंत प्रवाळ आहे, शेवाळ आहे, स्पंज आहे की वाळू, हे आम्ही एकेक करून नोंदवतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

तापमानाचा हिशेब साधा आहे. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किमान एक अंशाने अधिक तापले की तो वाढीव ताप आठवड्यांच्या हिशेबाने बारा आठवड्यांपर्यंत साठवत जायचा. ही बेरीज ४ झाली (उदाहरणार्थ, चार आठवडे पाणी एका अंशाने अधिक तापलेले राहिले) की विरंजन, म्हणजे पांढरे पडणे, अपेक्षित असते. ८ झाली की मोठ्या प्रमाणावर मृत्यू. सागरी उष्णतेच्या लाटांवर पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही काम चालते, तेव्हा समुद्राचा विचार करण्यासाठी पुणे तितकेसे गैरसोयीचे नाही.

प्रश्न : विरंजनानंतर प्रवाळभित्ती पूर्ववत होतात का? (एक सेवानिवृत्त प्राध्यापक, औंध)

‘पूर्ववत’ या शब्दाशीच माझे भांडण आहे. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठी विरंजने झाली, २०२४ मध्येही प्रवाळ पांढरे पडले. तेथील दीर्घकालीन नोंदींनुसार १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले प्रवाळाच्छादन २०२२ पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आले. पण केवळ टक्केवारी पाहिली तर अर्धीच गोष्ट कळते, कारण जे परत येतात ते गेलेलेच असतील असे नाही. फांद्यांचे प्रवाळ लवकर वाढतात आणि उष्णतेला लवकर बळीही पडतात. घुमटाकार प्रवाळ चिवट असतात, मात्र वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतात. फांद्या गेल्या की त्यांच्या आडोशाला राहणारे छोटे मासे जातात. शेवाळ कुरतडणारे पोपटमासे मुबलक असतील तर मोकळ्या खडकावर प्रवाळांची नवी पिले बसू शकतात. ते कमी झाले की जागा शेवाळ बळकावते. लक्षद्वीपची पारंपरिक मासेमारी खुल्या समुद्रातल्या टूनावर चालते, त्यामुळे भित्तीवरचे हे चरणारे मासे बऱ्याच अंशी वाचले, आणि माझ्या मते कोणत्याही कृत्रिम लागवडीपेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

मालवणचे प्रकरण वेगळे आहे. तेथे पावसाळ्यात गोडे पाणी आणि गाळ दोन्ही येतात. नाजूक जाती टिकत नाहीत, टिकतात त्या अंगावरचा गाळ चिकट स्रावाने झटकणाऱ्या. गढूळ पाणी उन्हापासून थोडा आडोसाही देते. मात्र प्रवाळांवर उभ्या राहणाऱ्या पर्यटकाच्या पायांपासून कोणताही आडोसा नाही.

प्रश्न : अंगठीतले पोवळे आणि हे प्रवाळ एकच का? किनाऱ्यावर सापडलेला तुकडा घरी ठेवला तर चालेल का? (एक वाचक, रविवार पेठ)

नातेवाईक, पण दूरचे. दागिन्यातले प्रसिद्ध लाल पोवळे भूमध्य समुद्रातल्या अंधुक प्रकाशातले. त्याच्या शरीरात शैवाले नसतात आणि ते भित्तीही बांधत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्याच पंक्तीला बसतात, आणि शोकेसमधला तुकडा मेलेला आहे एवढ्याने सुटका होत नाही.