मीटर हातात घेण्यापूर्वी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. किरणोत्सर्गाच्या संपर्कात आलेल्या लोकांची तपासणी करणाऱ्या पथकात तू जाणार हे वाचून बरं वाटलं. किरणोत्सर्ग मोजणारा मीटर कोणता घ्यावा, रक्तात काय बघावं, लोकांना किती वर्षं बोलवत राहावं, या तुझ्या प्रश्नांची उत्तरं मार्गदर्शिकांमध्ये सापडतील आणि ती चांगली आहेत. मी अडखळलो ते तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी: "सर, लोकांना दिलासा मिळावा म्हणून जास्तीत जास्त तपासण्या कराव्यात असं वाटतं."

हे "जास्तीत जास्त" आधी डोक्यातून काढ. कुठलीही तपासणी यादीत घालण्याआधी स्वतःला विचार की निकाल वाईट आला तर या माणसासाठी मी काय करणार, आणि चांगला आला तर त्याला काय सांगणार. दोन्हींचं उत्तर तयार नसेल तर ती तपासणी त्याच्यासाठी नाही, आपल्या समाधानासाठी आहे.

ब्राझीलच्या गोयानिया शहरातलं १९८७चं प्रकरण नीट वाच. बंद पडलेल्या रेडिओथेरपी दवाखान्यातलं यंत्र दोघांनी उचकटून नेलं, ते भंगारवाल्याकडे पोचलं, आणि आतली निळसर चमकणारी किरणोत्सारी सीझियम-१३७ची पूड लोकांनी कौतुकानं घरोघरी नेली. चौघांचा जीव गेला. पुढे शहरातल्या स्टेडियममध्ये तपासणी सुरू झाली तेव्हा १,१२,०००हून अधिक लोक आले. त्यांतले दूषित निघाले २४९. आपण सगळे या २४९ जणांबद्दल वाचतो. तू उरलेल्या लाखभरांचा विचार कर. पहिल्या ६०,००० लोकांपैकी सुमारे ५,००० जणांना उलट्या, जुलाब, अंगावर चट्टे अशी लक्षणं होती आणि त्यांच्यापैकी एकाच्याही अंगावर सीझियम नव्हतं. हे लोक नाटक करत नव्हते. भीतीनं खरोखर उलटी होते, खरोखर पुरळ उठतं. अशा माणसाला "तुला काही झालेलं नाही, पुढचा या" म्हणून वाटेला लावलंस तर तो दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहील.

तिथे आणखी एक गोष्ट करावी लागली. गोयानियाच्या लोकांना बाहेरगावी हॉटेलात खोली मिळेना, त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तपासलेल्यांना "दूषित नाही" असे दाखले द्यावे लागले. त्या रांगेतल्या अनेकांच्या हाती शेवटी उपयोगाची वस्तू पडली ती हा कागद. त्यामुळे दाखल्यावर काय छापायचं, सही कोणाची, हरवला तर दुसरा कुठून मिळणार, हे पहिला माणूस येण्याआधी ठरलेलं असू दे.

पहिल्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो. जखमी माणूस आला तर आधी जखम, श्वास, रक्तस्राव, आणि मीटर नंतर. "आधी साफ करून आणा, मग बघतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला बाजूला घेऊन समजाव. किरण अंगावर पडलेला माणूस आणि किरणोत्सारी धूळ अंगावर घेऊन आलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हात उभा राहिलेला माणूस घरात आला म्हणून खोलीत ऊन पडत नाही. चिखलातून आलेला मात्र फरशीवर पाय उमटवतो. दुसऱ्या प्रकारातही बाहेरचे कपडे काढून पिशवीत बंद केले की बहुतेक धूळ त्यांच्याबरोबर जाते. उरलेलीसाठी कोमट पाणी आणि साबण. कातडी घासून सोलू नये, धूळ आत शिरते.

ज्यांना किरणांची मोठी मात्रा मिळाल्याचा संशय आहे, त्यांच्या बाबतीत उलटी किती वेळानं झाली हे लिहून ठेव, पण त्यावर एकट्यावर विसंबू नकोस. कारण वर सांगितलंच. पहिल्या दोन दिवसांत रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी पुन्हापुन्हा मोज. त्या किती वेगानं घसरतात यावरून मात्रेचा बराच अंदाज येतो. गुणसूत्रांची तपासणी अधिक नेमकी आहे, पण तिला दिवस लागतात आणि ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते, म्हणून ती सगळ्या गावासाठी नव्हे.

आयोडीनच्या गोळ्यांबद्दल लोक पहिल्या तासापासून विचारतील. ती गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला वाचवते. सीझियम किंवा कोबाल्टच्या प्रकरणात तिचा काडीचा उपयोग नाही. वेळही महत्त्वाची: संपर्काच्या आधी चोवीस तासांत किंवा नंतर लगेच दोनेक तासांत दिली तर उत्तम, आठ तासांपर्यंत काही अर्थ आहे, आणि चोवीस तास उलटून गेल्यावर फायद्यापेक्षा तोटा अधिक. १९८६च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर पोलंडनं सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना आयोडीन पाजलं. जिथे गायींनी किरणोत्सारी आयोडीननं दूषित गवत खाल्लं आणि मुलं तेच दूध पीत राहिली, त्या बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या भागांत २००५पर्यंत तेव्हाच्या लहान मुलांमध्ये थायरॉइड कर्करोगाच्या ६,०००हून अधिक केसेस नोंदल्या गेल्या. दूध वेळेत थांबवणं हा त्यांतल्या बऱ्याच मुलांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय होता.

आता तुझ्या "जास्तीत जास्त"कडे येतो, कारण चेर्नोबिलचा हा आकडा वाचूनच तुझ्या मनात प्रत्येक मुलाच्या गळ्याची सोनोग्राफी करायचं आलं असणार.

जपानच्या फुकुशिमात नेमकं तेच केलं गेलं. २०११च्या अणुभट्टीच्या अपघाताच्या वेळी अठरा वर्षांपर्यंतची जी मुलं त्या प्रांतात होती, त्या सगळ्यांना तपासणीचं आमंत्रण गेलं आणि पहिल्या फेरीत सुमारे ३ लाख मुलं आली. हेतू चांगला होता, पालकांचीच मागणी होती. यंत्रं नवी आणि बारीक नजरेची. जवळजवळ निम्म्या मुलांच्या अहवालात बारीक गाठ किंवा पाण्याची पिशवी असल्याचं आलं. डॉक्टरांच्या लेखी ते काहीच नव्हतं, पण अहवाल हातात घेऊन घरी गेलेल्या आईच्या लेखी काय होतं, हे सांगायला नको. मग फुकुशिमापासून लांबच्या तीन प्रांतांत सुमारे ४,३०० मुलांची तशाच यंत्रांनी तपासणी झाली, तर तिथेही अशा निरुपद्रवी गाठी तितक्याच. पहिल्या फेरीत कर्करोग किंवा त्याचा संशय असलेली ११६ मुलं सापडली. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीनं मात्रा तपासून सांगितलं की ही वाढ किरणांमुळे नाही, इतक्या बारकाईनं शोधल्यामुळे दिसते आहे. पण तोवर अनेक मुलांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आला होता.

किरणांचा काही संबंध नसतानाही असं घडतं. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या मोहिमेत थायरॉइडची सोनोग्राफी स्वस्तात जोडून मिळू लागली, आणि २०११ साली या कर्करोगाचं निदान १९९३च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, ते जन्मभर गोळीला बांधले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्या गाठीनं कधी त्रास दिलाच नसता. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, फक्त इथे भुई म्हणजे माणसाचा गळा.

म्हणून २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ गटानं सल्ला दिला की अणुअपघातानंतर सरसकट सगळ्या लोकसंख्येची थायरॉइड तपासणी करू नये. जी गर्भात किंवा लहान वयात होती आणि ज्यांच्या थायरॉइडला साधारण १०० ते ५०० मिलिग्रे (अवयवात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) किंवा त्याहून जास्त मात्रा मिळाली, त्यांच्यासाठी दीर्घकाळ देखरेखीचा विचार करावा, आणि तोही फायदे-तोटे समजावून, त्यांच्या मर्जीनं. माझं मत विचारशील तर हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, आणि जनतेपुढे तो मांडणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. "तपासत नाही" म्हटलं की लोकांना "लपवतात" असं ऐकू येतं. त्यासाठी मात्रेचा अंदाज आधी हवा. त्या दिवसांत माणूस कुठे होता, काय खाल्लं, काय प्यायला, घरात किती वेळ, बाहेर किती वेळ, ही माहिती पहिल्या काही आठवड्यांतच घे. नंतर आठवणी सरमिसळ होतात.

यावरून तपासणी नकोच असा अर्थ काढू नकोस. ज्यांना कोणी विचारलंच नाही असेही लोक आहेत. अमेरिकेत नेवाडात जमिनीवरचे अणुस्फोट १९५१ ते १९६२ या काळात झाले. वाऱ्याच्या दिशेनं राहणाऱ्यांना आणि युरेनियम खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा यायला १९९० उजाडलं. त्या खाणींमध्ये किरणोत्सारी रेडॉन वायू कोंडलेला असे, कामगारांत नवाहो या मूळनिवासी जमातीचे लोक मोठ्या संख्येनं होते, आणि फुप्फुसाचा कर्करोग त्यांच्यात पसरत गेला. कायदा आल्यावरही अमुक वर्षी खाणीत होतो याचा पुरावा, विधवा असाल तर लग्नाचा दाखला, ही मागणी पुढे आली. पारंपरिक पद्धतीनं लग्न लागलेल्या बाईनं तो आणायचा कुठून? तेव्हा लोकांच्या वस्तीत फिरणाऱ्या तपासणी केंद्रात एक टेबल कागदपत्रांच्या मदतीचं हवं आणि त्यामागे त्यांची भाषा बोलणारा माणूस हवा. अशा खाणकामगाराच्या बाबतीत फुप्फुसांची क्षमता, छातीचं चित्र, मूत्रपिंडं बघण्यात अर्थ आहे, आणि तंबाखू सोडवायला मदत करण्यात त्याहून जास्त, कारण रेडॉन आणि धूर मिळून घात करतात. चेर्नोबिलच्या अपघातानंतर तिथली किरणोत्सारी घाण उपसणाऱ्या कामगारांचे डोळे तपासण्यातही अर्थ आहे: मोतीबिंदू सापडला तर काढता येतो.

हिरोशिमाचीही आठवण ठेव. १९४७ साली तिथे अमेरिकी आयोग वाचलेल्यांना तपासायला बसला. तो मोजत असे, उपचार करत नसे. आम्हाला प्रयोगाचे प्राणी समजतात ही लोकांची तक्रार त्यातून आली आणि ती रास्त होती. उपचार आणि नियमित तपासणीचा हक्क देणारी आरोग्य-पुस्तिका जपानी कायद्यानं त्यांना मिळाली ती १९५७ साली. त्याच लोकांच्या दीर्घ अभ्यासातून जगाला मात्रा आणि धोक्याचं गणित मिळालं हेही खरं, पण त्यांच्या रागाला ते उत्तर होत नाही.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र तुला रोज लागेल. वाचलेल्यांच्या सुमारे ७७,००० मुलांचा अभ्यास झाला आणि आईवडिलांना मिळालेल्या किरणांमुळे मुलांत आजार वाढल्याचं दिसलं नाही. तुझ्यासमोर येणाऱ्या तरुण मुली हे थेट विचारणार नाहीत. त्या पाळीबद्दल विचारतील, थकव्याबद्दल विचारतील, आणि उठताना दाराशी थांबतील. तेव्हा तूच विषय काढ.

गरोदर बाईच्या बाबतीत तर शब्द तोलून वापर. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये, जिथे लोकांना मिळालेली मात्रा १ मिलिसिव्हर्टच्याही (शरीराला होणारा धोका धरून मोजलेल्या मात्रेचं माप) आत होती, सुमारे २,५०० हव्याशा गर्भांचे गर्भपात झाले असावेत असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. डॉक्टरांनाच खात्री नव्हती, त्यांनी हात वर केले. गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर किरणांचं कारण देऊन गर्भ पाडू नये, ही आंतरराष्ट्रीय शिफारस तोंडपाठ असू दे.

"मला कॅन्सर होईल का?" याला "काळजी करू नका" हे उत्तर नाही. समज, एखाद्याला २० मिलिसिव्हर्ट मिळाले. निसर्गातून जगात सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिळतातच. नियोजनासाठी वापरतात तो आकडा धरला, १,००० मिलिसिव्हर्टला सुमारे पाच टक्के, तर २० मिलिसिव्हर्टनं कर्करोगानं मृत्यू येण्याची शक्यता हजारात एकानं वाढते. आणि किरणांशिवायही जगात पाचातल्या एकाला आयुष्यात कर्करोग होतो. हे असंच सांग, आकड्यांसकट, आणि हेही सांग की हा हिशोब मोठ्या समूहाचा आहे, त्याच्या एकट्याच्या कपाळावरचा लेख नाही. लोकांना आकडे कळतात. न सांगितलेलं मात्र ते स्वतःच्या मनानं भरून काढतात.

शेवटी एक साधी सूचना: मीटरच्या शेजारी बीपीचं आणि साखरेचं यंत्र ठेव. चेर्नोबिलच्या वीस वर्षांनी आढावा घेतला तेव्हा तज्ज्ञांना सगळ्यात मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न दिसला तो मानसिक त्रासाचा. फुकुशिमात घाईनं हलवलेल्या रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले पन्नासहून अधिक रुग्ण स्थलांतराच्या ओढाताणीत दगावले, आणि घरं सोडलेल्या लोकांमध्ये पुढे वजन, रक्तदाब, मधुमेह वाढला. दारू वाढते, झोप जाते, एकटेपण येतं. मनाच्या त्रासाची साधी प्रश्नावली भरून घे, पण आकडा जास्त आलेल्याला त्याच आठवड्यात फोन करणारं कोणीतरी असेल तरच. नाहीतर माझा पहिला नियम तिथेही लागू आहे.

फॉर्मचा मसुदा तयार झाला की पाठव. नावनिशी आणि निकाल वेगळ्या पानांवर असू देत, म्हणजे मालकाच्या किंवा सोयरिकीच्या हाती चुकूनही लागणार नाहीत. आणि प्रत्येक तपासणीपुढे दोन रकाने आखायला विसरू नकोस: निकाल कोण सांगणार, आणि कधी.

तुझा,
सर