ऐंशी रुपयांची गळती

प्रश्न : वय ५६, सांगलीजवळ कारखान्यात नोकरी, दोन वर्षांनी निवृत्ती. वडिलांची १९७१ ची अँबेसेडर मार्क २ आहे. रोज सकाळी पोर्चच्या फरशीवर इंजिन ऑइलचे आठ-दहा थेंब पडलेले दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवून ओव्हरहॉल करू, १ लाख ७५ हजार लागतील. नाहीतर इसुझूचं इंजिनच टाकू. बँकेत एफडी करायला गेलो होतो, तिथे एक 'गॅरंटीड' योजना दिली. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे. बारा वर्षांनंतर पुढची १५ वर्षं दरसाल दीड लाख. तीन हप्ते भरलेत. त्यावर कर्ज काढू की दुसरी एफडी मोडू? एक डीलर गाडीचे आज तीन लाख देतो, पण नीट ठेवली तर दहा वर्षांत पंधरा लाख येतील म्हणतो. तीच म्हातारपणाची पुंजी धरली आहे. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे (ते २०१६ मध्ये गेले), पासिंग आणि विमा २०१९ नंतर राहून गेला. पण आम्ही फक्त रविवारी नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो.

उत्तर : आधी तेलाचं बघू, कारण ते सोपं आहे. एक मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने वीस थेंब. रोजचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिलि, वर्षाला १८० मिलि. ऑइल साडेचारशे रुपये लिटर धरा. तुमची गळती वर्षाला ऐंशी रुपयांची आहे. गाडी चालताना जास्त गळतं म्हणाल, तर तिप्पट धरा. अडीचशेच्या आत हिशोब संपला. ती थांबवायला १ लाख ७५ हजार?

शिवाय ती पूर्ण थांबणारही नाही. या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्या गाड्यांसारखं रबरी सील नसतं. तिथे स्क्रूच्या आट्यांसारखी खाच असते आणि क्रँक फिरताना ती तेल परत आत ओढते. इंजिन बंद झालं की ओढणं थांबतं आणि चार थेंब खाली येतात. ब्रिटिशांनी आराखडाच तसा केला होता. ते तेल बाहेर पडावं म्हणून बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या झाकणाच्या) तळाला भोकही असतं. ते कुणाला बुजवू देऊ नका, नाहीतर तेल क्लच प्लेटवर जाईल आणि मग खरा खर्च निघेल.

आमच्याकडे जुनी फियाट होती, तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती सांगतो. इंजिन डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडं करा, वर टाल्कम पावडर मारा आणि दहा किलोमीटर फिरवून आणा. पावडर जिथे ओली झाली तिथे गळती. बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग निघतं, किंवा बाजूच्या झाकण्यांचं, किंवा ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप तुंबलेला असेल तर आतला दाब तेलाला मिळेल तिथून बाहेर ढकलतो. तो साफ करायला पैसे लागत नाहीत. सगळं मिळून पाच-सात हजार. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा आणि दर रविवारी निघण्याआधी डिपस्टिक बघा. निळा धूर येत असेल किंवा ऑइल प्रेशर पडत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. इसुझूचं इंजिन मात्र अजिबात नको. का, ते पुढे येईल.

तेव्हा कर्जही नको आणि एफडीही मोडायची नाही. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्या 'गॅरंटीड' योजनेसाठी.

बारा लाख भरून साडेबावीस लाख मिळणार, म्हणजे 'जवळजवळ दुप्पट', असं तुम्हाला सांगितलं असणार. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात हे सांगितलं नसणार. शेवटचा हप्ता हातात पडेल तेव्हा तुम्ही ऐंशीचे असाल. हिशोब मांडला तर परतावा निघतो वर्षाला साडेचार टक्के. पीपीएफ सध्या ७.१ देतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२. 'पण ते उत्पन्न करमुक्त आहे' हे वाक्यही ऐकलं असेल. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. निवृत्तीनंतर तुमचं उत्पन्न त्याच्या जवळपास तरी जाणार आहे का? एफडी करायला आलेल्या ५४ वर्षांच्या माणसाला दहा हप्त्यांची पॉलिसी, त्यातले पाच हप्ते पगार थांबल्यावर! विकणाऱ्याने तुमची जन्मतारीख फॉर्मवर लिहिली, वाचली नाही.

या पॉलिसीवर कर्ज काढायला गेलात तर आणखी एक धक्का बसेल. कर्ज मिळतं ते तुम्ही भरलेल्या ३ लाख ६० हजारांवर नाही, तर सरेंडर मूल्यावर, म्हणजे पॉलिसी आज बंद केली तर हातात पडेल त्या रकमेवर. तिसऱ्या वर्षी हमीचं मूल्य बऱ्याच पॉलिसींत ३५ टक्के असतं, म्हणजे सव्वा लाख. त्याच्या ऐंशी-नव्वद टक्के कर्ज, म्हणजे लाखभर. साडेचार टक्के मिळवणाऱ्या पैशावर नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज!

मग सरेंडर? तीही घाई नको. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा : आजचं सरेंडर मूल्य, पेड-अप केल्यास (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवल्यास) मिळणारी रक्कम, आणि ती कधीपासून. दहापैकी तीन हप्ते भरलेत, तर पेड-अपला साधारण तीन-दशांश मिळायला हवं, म्हणजे दरसाल ४५ हजार, १५ वर्षांत पावणेसात लाख. आज सव्वा लाख घेऊन बाहेर पडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आकडे असेच आले तर पॉलिसी पेड-अप करा आणि पुढचा एकही हप्ता भरू नका. उरलेल्या सात हप्त्यांवर जेमतेम पाच टक्के सुटतात. 'एफडीसारखंच आहे' असं कुणी मेसेजमध्ये किंवा कागदावर लिहून दिलं असेल, तर पेड-अप करण्याआधी कंपनीकडे तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल आहेत, पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही.

वाचणाऱ्या १ लाख २० हजारांतून आधी तुम्हा दोघांचा स्वतःचा मेडिक्लेम घ्या. कारखान्याचा असेल तर तो बहुधा निवृत्तीबरोबर संपतो. उरेल ते पीपीएफमध्ये टाका.

आता पंधरा लाखांचं स्वप्न. तीनाचे पंधरा दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला साडेसतरा टक्के. वर देखभालीचे वर्षाला पंचवीस-तीस हजार धरा, दहा वर्षांत तीन लाख. अँबेसेडर उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत बनत होती. ती दुर्मीळ गाडी नव्हे. भाव जो काही येईल तो मूळ इंजिनाला येईल. २०२१ च्या व्हिंटेज नियमांतही पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात लागते, इंजिन बदललेलं चालत नाही. पण व्हिंटेज नोंदणी केलीत तर गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. वाडीचं दर्शन त्यात बसत नाही. तुम्ही साधं पासिंगच करून घ्या. आणि डीलरला विचारा, पंधराचा भाव आज लिहून देतोस का?

तसंही ही गाडी आज तुम्हाला विकता येणार नाही, कारण कागदोपत्री ती तुमची नाही. आणि 'फक्त रविवारी' म्हणता, तर अपघात वार बघून होत नाही. विम्याशिवाय कुणाला धक्का लागला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई तुमच्या खिशातून, एफडीतून, वेळ आली तर घरातून जाईल. या सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा कर धरून चार हजारांच्या आसपास आहे. तेलासाठी पावणेदोन लाखांची तयारी होती, आणि सहा वर्षं हे चार हजार राहून गेले! विमा आणि पासिंग होईपर्यंत गाडी पोर्चमध्येच राहू द्या, वाडीला एसटीने जा.

मालक वारल्यावर वारसाच्या नावे करायचा तो फॉर्म ३१. मुदत तीन महिन्यांची होती. उशिराचा दंड भरा आणि मोकळे व्हा. बहिणी असतील तर आरटीओत त्यांची ना-हरकत मागतील. भाऊबीजेला कागद तयार ठेवा. सह्या ओवाळणीच्या आधी घ्यायच्या की नंतर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.