रेडिएटर फॅन चालू होत नाही, गॅरेजवाला मोटर जळाली म्हणतो. मोटर बदलू का?

नका बदलू. त्या मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन तुमच्यासमोर कुणी दाखवत नाही, तोवर एक रुपया देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, फॅन फिरत नाही एवढं पाहिलं आणि निकाल दिला. मी कराडला मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. जळालेली मोटर वासावरून कळते, हाताने फिरवून कळते, मीटर लावून कळते. लांबून बघून कळत नाही.

आमच्याबाबतीत हेच झालं होतं. गुहागरहून परत येताना कुंभार्ली घाटात पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, आमची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत होती. सपाटीला साठच्या वेगात वाराच रेडिएटर गार ठेवतो, तिथे फॅन बंद पडलेला कळतही नाही. घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा चढला. हीटर फुल करून काचा खाली केल्या, तेवढीच उष्णता इंजिनातून बाहेर, आणि पहिल्या रुंद जागी थांबलो. सोबत बहीण आणि दाजी होते. दाजी म्हणाले, मोटर गेली, आता फॅन डायरेक्ट करून टाक, म्हणजे सेन्सर-रिले टाळून थेट बॅटरीवर जोड. गाडी निवल्यावर उताराने परत चिपळूणला आणली. तिथला गॅरेजवालाही तेच म्हणाला, अख्खी असेंब्ली, म्हणजे मोटरसकट पूर्ण फॅन, बदला. दाजींना तेवढंच हवं होतं.

मी मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून बॅटरीवरून दोन वायरी दिल्या. फॅन गरागरा फिरला. मोटर ठणठणीत. फ्यूज शाबूत. शेजारी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) होता, तो लावून पाहिला, फरक नाही. मग इंजिन आणि एसी चालू ठेवून कपलरवर मीटर लावला, तर चांगलं पूर्ण व्होल्टेज! भले भले इथे फसतात. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मी हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब लावला. साडेचार अँपिअरच मागतो तो, पण तेवढ्यानेही नुसता लालसर झाला. त्याची मायनसची वायर कपलरवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, तर लख्ख पेटला. म्हणजे अर्थिंग गेलेलं, बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारा जोडच खराब. हेडलाइटखाली बॉडीला अर्थचा बोल्ट होता, गंजाने पार खाल्लेला. पॉलिश पेपर मारला, आवळला, वरून ग्रीस लावलं. फॅन सुरू.

दाजी आजही म्हणतात, डायरेक्ट केला असता तर ही वेळच आली नसती. आली असती. गॅरेजवाले डायरेक्ट करतात ते फक्त प्लस; मायनस त्याच गंजक्या बोल्टावर राहतो. शिवाय फॅन कायम फिरला की इंजिन तापायला वेळ लावतं, पेट्रोल जास्त जातं आणि मोटरचे कार्बन (आतले ब्रश) लवकर झिजतात. डॅशबोर्डवर रिलेशिवाय स्विच बसवला तर तो वितळतो. डायरेक्ट करणं म्हणजे दोष शोधायचा कंटाळा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

तुमच्या गाडीत आधी एसी लावून बघा. एसीवर फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, अर्थ बहुधा ठीक, संशय टेंपरेचर सेन्सरवर. त्याचा कपलर काढला की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच फॅन चालू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका. आणि काटा लालमध्ये असताना रेडिएटरचा खालचा होज गार लागला, तर फॅनच्या मागे लागूच नका. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, नाहीतर कूलंट कमी होऊन आत हवा भरली आहे.

हे आधी सांगायला हवं होतं: इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही फॅन अचानक फिरतो, त्यामुळे हात घालायच्या आधी बॅटरीची मायनस काढा. नव्या काही गाड्यांत मोटरलाच कंट्रोलर जोडलेला असतो. कपलरला दोनपेक्षा जास्त वायरी दिसल्या तर थेट बॅटरी देऊ नका.

आणि एवढं करून मोटर खरोखर गेलेली निघाली, तर असेंब्ली घेण्याआधी ती जवळच्या रिवाइंडरकडे न्या. नुसते कार्बन झिजले असतील तर बहुतेक वेळा बदलून मिळतात. आर्मेचर (मोटरच्या आतला फिरणारा भाग) काळं पडलं असेल, तर मात्र नवीनच घ्या.