लेसिंगच्या पट्ट्या आणि एम.टेक.

प्रश्न: सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्टील डिझाइन मनापासून आवडतं. बाबांचं जयसिंगपूरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मित्र म्हणतात, डिझाइन सॉफ्टवेअरच करतं, तू कोडिंगकडे वळ. स्ट्रक्चरमध्ये एम.टेक. करू का? – एक विद्यार्थिनी

उत्तर: कर, पण लगेच नको.

मुलाखतीत मी हमखास विचारतो, बिल्ट-अप (स्टीलचे सुटे भाग जोडून केलेल्या) कॉलमला लेसिंग, म्हणजे भाग जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, कशाला? "दोन चॅनेल जोडायला, सर." निम्मेच मार्क!

बाबांच्या शेडमध्ये आयएसएमसी २०० चे (२०० मिमी उंचीचे, 'सी' आकाराचे) दोन चॅनेल पाठीला पाठ करून उभे कर, मध्ये साधारण ११ सेंमी जागा सोड. आता कॉलम दोन्ही दिशांना सारखाच ताठ. चॅनेलच्या कमकुवत दिशेला तर दोन सुट्या चॅनेलांच्या सुमारे १३ पट! पण हे १३ पट त्या किरकोळ दिसणाऱ्या तिरक्या पट्ट्यांच्या जिवावर. कॉलम जरा बाकला की शिअर (आडवा कातरणारा जोर) त्यांच्यावर येतो. म्हणून आयएस ८००, म्हणजे स्टील डिझाइनचं भारतीय मानक, कॉलमच्या भाराच्या २.५ टक्के शिअर लेसिंगसाठी धरायला लावतं.

कॅनडातल्या क्वेबेक पुलाच्या खालच्या कॉर्डचं (दाब घेणाऱ्या मुख्य लांब भागाचं) लेसिंग अपुरं पडलं. एका कॉर्डचा बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. साइटवरच्या तरुण इंजिनिअरने तो मोजला, सल्लागार थिओडोर कूपर यांना सांगायला थेट न्यूयॉर्क गाठलं. भार वाढवू नका, ही कूपर यांची तार गेली पूल बांधणाऱ्या कंपनीच्या फिनिक्सव्हिलच्या ऑफिसला. पुलावर काम चालूच होतं. २९ ऑगस्ट १९०७ ला पूल कोसळला, ७५ कामगार गेले. बाक दिसला की घाबरणारा माणूस ऑफिसात लागतोच, सॉफ्टवेअर कितीही भारी असो.

तेव्हा गेट (एम.टेक. प्रवेशासाठीची परीक्षा) शेवटच्या वर्षी दे. स्कोअर तीन वर्षं चालतो, मधलं एक वर्ष पीईबी (कारखान्यात भाग बनवून उभारायच्या स्टीलच्या इमारती) किंवा टॉवरच्या डिझाइन ऑफिसात काढ. पगार कोडिंगवाल्या मित्रांपेक्षा कमी असेल, ते आत्ताच घरी सांगून टाक. मग एम.टेक.साठी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय बघ.

या सुट्टीत एक कॉलम हाताने सोडव. लेसिंग असेल तर स्लेंडरनेस (कॉलम किती सडपातळ, त्याचं गुणोत्तर) ५ टक्के वाढव, बॅटन (आडव्या पट्ट्या) असतील तर १०. मग तोच स्टॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये घाल आणि फरक कुठे पडला ते शोध.

आणि बाबांना विचार, लेसिंगचं वेल्डिंग ते कुणाकडे देतात, जुन्या वेल्डरकडे की नव्या पोराकडे? काय म्हणाले ते मला कळव.